दोन पाडवे आणि एक पास

दिवाळीपूर्वीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी एक लहानसे उत्खननच असते. माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नाही. यंदा एका जुन्या फायलीतून, वीजबिले आणि मुलीची प्रगतिपुस्तके यांच्यामधून, घडी घातलेला एक कागद निघाला. वर ठिपक्याठिपक्यांची चौकोनी खूण, खाली माझे नाव, मोटारीचा क्रमांक, 'काटोल ते वरुड', आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: अंत्यविधी. सौभाग्यवतींनी तो वाचला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. एप्रिल २०२१ मधला तो प्रवासाचा पास. त्या पासावर मी पाऊलभरही प्रवास केलेला नाही.

ती हकीकत सांगायची तर थोडे मागे जायला हवे.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवरून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. महाराष्ट्रात तर दोन दिवस आधीपासून संचारबंदी होतीच. गुढ्या उभ्या राहिल्या, पण गल्लीत माणूस नाही. आमचे काटोल संत्र्याचे गाव. मृग बहाराची फळे झाडावर पिकून उभी, आणि ती कोणत्या बाजारात न्यायची ते कोणालाच ठाऊक नाही. तरी पहिले काही दिवस लोकांनी मोठ्या हौसेने काढले. घरोघरी पदार्थ होऊ लागले, टीव्हीवर जुने रामायण पुन्हा सुरू झाले, आणि भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून अंगणात वाळत घालणारे गृहस्थ मी ह्या डोळ्यांनी पाहिले. (त्यांतला एक मी.) राज्याचे गृहमंत्री तेव्हा आमच्याच मतदारसंघाचे आमदार होते. पोलिसाने हटकले की एखादा टवाळ पोरगा म्हणे, "गृहमंत्री आमच्या गावचे आहेत." त्यावर पोलीस शांतपणे म्हणे, "म्हणून तर इथे जास्त लक्ष द्यावं लागते."

पुढे ही गंमत आंबत गेली. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली नि देवळे बंदच राहिली, तेव्हा आमच्या चौकातल्या मंडळींत जी खडाजंगी झाली तिचे वर्णन करायला कीर्तनकारच हवा. देवळे उघडली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. परीक्षा घ्याव्यात की नाही यावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मी स्वतः मोबाईलच्या काचेकडे पाहून ज्ञानेश्वरी शिकवत होतो. समोर एकच चेहरा दिसे, तो माझाच. विद्यार्थी कोणी शेताच्या बांधावर, कोणी गच्चीवर, जिथे रेंज मिळेल तिथे.

माझी मते मात्र पक्की होती. निर्बंध पाळलेच पाहिजेत. जो पाळत नाही तो समाजाचा शत्रू, असे मी तावातावाने बोलत असे. तसे बोलायला मला मोकळीक होती. पगार पहिल्या तारखेला जमा होत होता.

माझ्या धाकट्या भावाचे काटोलात कापडाचे दुकान आहे. २०२०ची लगीनसराई त्याने घरी बसून काढली. अक्षय्य तृतीयेसाठी भरलेला माल तसाच पडून राहिला. २०२१च्या सराईवर त्याची सारी भिस्त होती. पण फेब्रुवारीपासूनच विदर्भात पुन्हा रुग्ण वाढू लागले. अमरावतीत आधी टाळेबंदी झाली, मग मार्चमध्ये नागपुरात. एप्रिलच्या सुरुवातीला राज्याचे निर्बंध आले, तेव्हा व्यापारी समजले होते की शनिवार-रविवार तेवढी दुकाने बंद ठेवायची आहेत. प्रत्यक्ष आदेश वाचला तर जीवनावश्यक सोडून सारीच बंद. राज्यभर व्यापारी संघटना संतापल्या. त्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिलला होता. त्या दिवशी भावाने दुकानाच्या बंद शटरलाच हार घातला. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून पुन्हा संचारबंदी.

आणि एके दिवशी तो दंडाची पावती घेऊन माझ्याकडे आला. अर्धे शटर वर करून माल देताना पथकाने पकडले होते.

मी त्याला बसूही दिले नाही. नागपूर जिल्ह्यात दिवसाला सात-सात हजारांवर रुग्ण निघताहेत, खाटा नाहीत, प्राणवायू नाही आणि तुला धंदा सुचतो, वगैरे वगैरे. माझे बोलणे त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, तुझा पगार पहिल्या तारखेला होते. माझ्या दुकानाचं भाडंही पहिल्या तारखेलाच द्यावं लागते. तारीख तीच आहे बघ, फरक काहीच नाही." आणि निघून गेला. त्यानंतर आठ दिवस आमचे बोलणे नव्हते.

त्या आठ दिवसांत मी कपाटातून पुण्याच्या प्लेगवरची पुस्तके काढली. मनात हेतू असा की, संकटात शिस्त का लागते ते ह्याला एकदा दाखवून द्यावे. मास्तरांची खोड, दुसरे काय!

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर आकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. महिनाभरातच आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, ही लोकांची भीती. साथ पुण्यात पोचली. वर त्याच साली दुष्काळ. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा: सरकारला वाटेल तो उपाय योजता येईल, जो मोडील त्याला शिक्षा, आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो हाच कायदा, सव्वाशे वर्षांचा म्हातारा. भावाला झालेल्या दंडाचे मूळ कुठवर जाऊन पोचत होते पाहा.

पुण्यात हा कायदा राबवायला वॉल्टर चार्ल्स रँड आला. त्याने घरझडतीच्या कामावर गोरे सोजीर घातले. ते देवघरात बुटांनिशी शिरले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान रस्त्यावर फेकले आणि जाळले गेले, जमिनी उकरल्या गेल्या. आज वाचताना सर्वांत वाईट वाटते ते असे की, ह्यातले पुष्कळसे व्यर्थ होते. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले ते १८९८ साली. म्हणजे रँडचे सोजीर घरे उलथीपालथी करीत होते तेव्हा पिसवांचा विचार कोणाच्या डोक्यातही नव्हता. उन्हाळ्यात साथ ओसरली, पण त्याच वर्षी ती पुन्हा आली. (आमची सोड्यातली भाजी मला इथे आठवली, आणि हसू काही आले नाही.)

मी टिळकांकडे वळलो. वाटले होते, ते निर्बंधांविरुद्ध गर्जत असतील. पण टिळक म्हणत होते की रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यकच आहे. पुढाऱ्यांतले कित्येक पुणे सोडून गेले असता ते गावात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढे झाले, आणि त्याच वेळी 'केसरी'तून सोजिरांच्या जुलमावर तुटून पडले. उपाय हवा, पण माणसाला माणूस म्हणून वागवून हवा. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी म्हणता येतात, हे मला वर्गात इतकी वर्षे शिकवूनही उमगले नव्हते. मी अर्धेच वाक्य पाठ केले होते, आणि भावाने उरलेले अर्धे.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोखले तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांची हकीकत तिथे सांगितली, पुरावा देता आला नाही, आणि परत आल्यावर माफी मागावी लागली. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि त्याच साथीत, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. तीच सेवा त्यांना भोवली.

आमच्या आजीच्या तोंडी प्लेगची वेगळीच आठवण असे. तिने ती तिच्या आईकडून ऐकलेली. "उंदीर पडला" एवढे शब्द कानी आले की सारे गाव चंबूगबाळे उचलून मळ्यात जाई आणि झोपड्या घालून राही. तिथे रँड नव्हता नि सोजीर नव्हते. कोणी हुकूम काढला नव्हता. भाकरी एकमेकांच्या झोपडीबाहेर ठेवीत. हे ऐकताना लहानपणी मला ती मोठी सहल वाटे.

हे सारे भावाला सांगावे म्हणून मी फोन उचलणार, तो त्याचाच फोन आला. "दादा, वरुडचे मामा गेले."

मामांनी आम्हा दोघांना खांद्यावर बसवून संत्र्याच्या बागा दाखवल्या होत्या. रात्री श्वास लागला आणि पहाटे घरीच गेले. तपासणी वगैरे काही झालीच नव्हती. वरुड म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्हा. जिल्हा ओलांडायचा तर पास हवा. मी तडक अर्ज भरायला बसलो. आधारकार्ड, फोटो, गाडीचा क्रमांक, कारण. भाऊ म्हणाला, "तू पास काढ. मी निघतो."

मी त्याला थांब म्हणालो. तो थांबला नाही.

पुढचे मला त्याच्याकडूनच कळले. त्याने आधी दुकानाचे शटर वर केले, पांढरे कापड फाडून घेतले, पिशवीत घातले आणि मोटरसायकल काढली. पुलाजवळच्या नाक्यावर अडवले. पास? नाही. कुठे चालले? मामा गेले. हवालदाराने पिशवी उघडायला लावली. आत कापड पाहिले, क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि बांबू वर केला. "जा. गर्दी करू नका तिथं. आणि लवकर वापस या."

मामांना त्या कापडात गुंडाळले गेले. वरुडात दुसरे मिळण्यासारखे नव्हते. तिथलीही कापडाची दुकाने बंदच होती. जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत किराणा होता, औषधे होती, दूध होते. माणूस गेल्यावर लागणारे पाच वार कापड कोणाच्या लक्षात आले नव्हते. आणि त्या एप्रिलमध्ये त्याचा खप कधी नव्हता इतका होता.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. मी विचारले, "त्या दिवशी पथकानं पकडलं, तेव्हा तू काय विकत होतास?"

तो म्हणाला, "तेच. मागच्या गल्लीतल्या बाई गेल्या होत्या. त्यांचा पोरगा शटर वाजवून राह्यला होता. लग्नाचं गिऱ्हाईक कुठं होतं बाप्पा तेव्हा!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलून राह्यला होता."

माझा पास दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूर होऊन आला. का कोण जाणे, मी तो छापून काढला आणि फायलीत ठेवला.

ही गोष्ट इथेच संपती तर भावाचा विजय झाला असे म्हणून मी मोकळा झालो असतो. पण ती संपली नाही. आठवड्याभरात त्या अंत्यविधीला गेलेल्यांपैकी तिघांना ताप आला. त्यांत आमचे बंधुराजही. बारा दिवस तो वरच्या खोलीत पडून होता. वहिनी जिन्यात ताट ठेवून खाली येत, आणि तो ताट उचलताना खोकला की सारे घर कान देऊन ऐकत असे. बोटाला लावायचे ते यंत्र एकदा ८९ दाखवू लागले तेव्हा मी नागपुरात ओळखीच्या अठरा जणांना फोन केले. खाट कुठेच नव्हती. सुदैवाने तीही रात्र निघाली, आणि सकाळी आकडा वर चढला. मामींना मात्र त्या आजाराने नेले. त्यांना ताप मामांकडून आला, की गोळा झालेल्या आम्हा नातलगांकडून, हे कोण सांगणार?

बरा झाल्यावर एकदा मी भीत भीत विचारले, "आता काय वाटतं? गेलास ते बरोबर केलंस?"

"गेलो ते बरोबर," तो म्हणाला. आणि बराच वेळाने, "पण मामीच्या जवळ बसाले नव्हतं पाह्यजे."

२०२२चा पाडवा आला तेव्हा महाराष्ट्रातले सारे निर्बंध उठले. मुखपट्टीही ऐच्छिक झाली. भावाने त्या वर्षी दुकानावर एवढी उंच गुढी उभारली की तिचा गडू विजेच्या तारेला लागेल म्हणून शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला. राहिलेले भाडे त्याने हप्त्याहप्त्याने फेडले. त्यातले दोन हप्ते मी देतो म्हटले तर रागावला. पुढे वहिनींच्या हाती दिले ते मात्र त्यांनी ठेवून घेतले.

आजही तो विषय निघाला की आमच्या घरी दोन तट पडतात. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. ती म्हणते, टाळेबंदी आधीच आणि कडक व्हायला हवी होती. पुतण्या म्हणतो, व्हायलाच नको होती. मी मध्ये बसून चकलीचा तुकडा मोडतो.

परवा भाऊ फराळाला आला तेव्हा तो पास टेबलावरच पडला होता. त्याने उचलून उलटसुलट पाहिला, चष्मा वर करून कारणाचा रकाना वाचला.

"कागद चांगला आहे," म्हणाला. "मागं कोरा आहे. हिशेबाला घेऊ?"

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नको हो भाऊजी. राहू द्या तो."

त्याने घडी घातली आणि फायलीत, वीजबिलांच्या वर, परत ठेवून दिला.