उभं राहणं म्हणजे होकार का? शालेय समारंभातली प्रार्थना आणि अमेरिकेची राज्यघटना

अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती धर्माबद्दल दोन गोष्टी सांगते. सरकारने धर्म प्रस्थापित करायचा नाही, आणि कुणाच्या धर्माचरणाच्या आडही यायचं नाही. वर्गातल्या प्रार्थनेचा निकाल १९६२ मध्येच लागला होता. न्यूयॉर्क राज्याने तयार केलेली अवघ्या २२ शब्दांची प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पण समारंभ तर वर्षातून एकदाच होतो, मग तिथे काय?

आता आपण प्रॉव्हिडन्स शहरात जाऊ. जून १९८९ मध्ये तिथल्या एका सरकारी शाळेच्या निरोप समारंभात प्रार्थनेसाठी एका ज्यू धर्मगुरूंना बोलावलं होतं. प्रार्थना कुठल्याही एका पंथाची नको, असंही मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं. हरकत घेतली १४ वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी. आणि गंमत बघा, हे कुटुंबही ज्यूच! म्हणजे 'आमचा धर्म का नाही' अशी तक्रारच नव्हती. सरकारी शाळेने प्रार्थना ठरवावीच का, हा त्यांचा प्रश्न होता.

हा खटला म्हणजे 'ली विरुद्ध वाइसमन'. १९९२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, कुटुंबाच्या बाजूने. शाळा म्हणत होती, समारंभाला यायची सक्ती कुठेय? न्यायमूर्ती अँथनी केनेडींनी लिहिलं की ही मोकळीक फक्त कागदावरची आहे. सगळे मित्र उभे असताना त्या वयातलं पोर एकटं बसून राहील का? परिपाठाच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

विरोधी मत न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं, आणि तेही चांगलंच धारदार. कायद्याचं बळ आणि शिक्षेचा धाक असेल तरच ती सक्ती, बाकी सगळं मानसशास्त्र, असं ते म्हणतात. शिवाय मुलं ध्वजाच्या प्रतिज्ञेसाठी आधीच उभी होती. उभं राहणं हाच सहभाग असेल, तर प्रतिज्ञेचं काय करायचं? या प्रश्नाला बहुमताकडे सरळ उत्तर नाही, असं आम्हाला वाटतं. तरी मुलांच्या मनाची जाण मात्र केनेडींनाच अधिक आहे.

२००० मध्ये टेक्सासमधल्या एका खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. फुटबॉल सामन्याआधी लाउडस्पीकरवर होणारी प्रार्थना विद्यार्थ्यांच्या मतदानाने ठरली तरी चालणार नाही.

२०२२ मध्ये मात्र वारं फिरलं. सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणारा एक प्रशिक्षक ६ विरुद्ध ३ मतांनी जिंकला. योगायोगाने त्याचंही आडनाव केनेडी! ती त्याची खासगी प्रार्थना होती, असं बहुमताने मानलं. यापुढे इतिहास आणि परंपरा पाहून ठरवायचं, असंही म्हटलं. 'ली'चा निकाल रद्द झालेला नाही. पण विरोधी न्यायमूर्तींनी तोच जुना दबाव पुन्हा दाखवून दिला. संघात कोण खेळणार हे प्रशिक्षकाच्या हातात असतं, तेव्हा तो गुडघे टेकत असताना खेळाडू बाजूला उभा राहू शकतो का?