चौकट : फळीवरचा शिक्का
उरणच्या द्रोणागिरीतल्या गोदामांत परदेशी माल उघडला, की खोक्याच्या फळीवर डागलेला गव्हाच्या लोंबीचा शिक्का दिसतो. त्यातलं ‘एचटी’ म्हणजे कीड मारण्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलंय. शिक्क्यातली पहिली दोन अक्षरं देशाची : ‘एसई’ स्वीडन, ‘एफआय’ फिनलंड.

हे दोघे शेजारी स्प्रूस-पाइनचे पट्टीचे निर्यातदार. स्वीडन वर्षाला साधारण १.८ कोटी घनमीटर कापीव लाकूड काढतो, फिनलंड १.१ कोटीच्या आसपास. दोघंही बहुतेक माल बाहेरच विकतात. एकूण निर्यातीत अर्थात स्वीडन वरचढ. पण लोकसंख्या त्याच्या जेमतेम निम्मी असलेला फिनलंड माणशी हिशोबात भारी पडतो.