डोंगरापलीकडचे भाऊबंद

कोणी चार वाक्ये बोलला, की तो मूळचा उत्तर सिंधचा की समुद्राकडचा, हे कॅम्प २ मधल्या आमच्या शेजारच्या सिंधी आजी अचूक सांगतात. अंतर पडले की बोली बदलते. बेडकांची तर जातच बदलते! वाचकहो, थट्टा नव्हे.

सह्याद्रीतल्या इंचभर झुडुपी बेडकाला पोहण्यापुरतेही पाणी लागत नाही. ओल्या पाल्यातल्या त्याच्या अंड्यातून शेपटीवाले पिल्लू न निघता थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. ओला डोंगर हे त्याचे घर. मधली कोरडी खिंड म्हणजे भिंत. पालघाटसारख्या खिंडींनी लक्षावधी वर्षे दुरावलेले भाऊबंद अखेर परके होतात.

डोळ्यांना मात्र सारे सारखेच! म्हणून संशोधक ठिकाण, आवाज आणि पेशीतली आनुवंशिक लिपी ताडून पाहतात. अशा पडताळणीतून २०१४ साली सह्याद्रीत ९ नव्या जाती ठरल्या. त्याआधी २०१३ साली महाराष्ट्रातल्या एका जातीला पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव मिळाले होते.

पूर्वी मीही म्हणे, "एक डोंगर फोडला तर काय बिघडले? बेडूक दुसरीकडे आहेतच की!" आता तसे म्हणवत नाही. आजींनी मुलूख सोडला, तरी बोली सोबत आणली. डोंगर गेला तर बेडकाने जावे कुठे?