आईचे गरोदरपण आणि मुलाचे मानसिक आरोग्य

पाळी चुकल्याचे नीट लक्षात येण्याआधीच गर्भातल्या बाळाचा मेंदू घडू लागतो. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मज्जानलिका मिटते आणि पुढच्या महिन्यांत असंख्य चेतापेशी आपापल्या जागी पोहोचतात. त्यासाठी लागणारे लोह, फॉलिक आम्ल, आयोडीन, प्रथिने आणि प्राणवायू, सारे आईच्या रक्तातून वारेमार्फत येते. या काळात आईच्या वाट्याला उपासमार, गंभीर संसर्ग किंवा दीर्घ मानसिक ताण आला, तर मुलाला पुढे मानसिक आजार होण्याचा धोका काही अंशी वाढतो.

याचा ठळक पुरावा युद्धकाळातला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. उपासमारीच्या ऐन कडाक्यात ज्यांच्या आयांना दिवस गेले, त्या मुलांमध्ये मोठेपणी छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीनमधील १९५९ ते १९६१ च्या दुष्काळाच्या अभ्यासातही जवळपास तेच दिसले. मात्र हे ‘दुप्पट’ जपून वाचायला हवे. हा आजार शंभरात जेमतेम एकाला होतो. दुप्पट धरला तरी अठ्ठ्याण्णव मुले त्यापासून दूरच राहतात. शिवाय आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आजारी मुलाच्या आईला गरोदरपणातल्या चुका ऐकवणे म्हणूनच क्रूर आहे आणि शास्त्राला धरूनही नाही.

महाराष्ट्रातले महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रता आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. हा मानसिक आजार नव्हे. पण आईच्या आहाराची खूण मुलाच्या मेंदूवर उमटते, हे त्यातून दिसले.

आहारासारखीच संसर्गाचीही बाजू आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा तालुका. पावसाळ्यात रोवणीसाठी बाया दिवसभर चिखलात वाकून राबतात आणि मलेरियाचा हंगामही तोच. गरोदरपणातला फॅल्सिपॅरम मलेरिया विशेष घातक, कारण त्याचे जंतू वारेत साठून बाळाचे पोषण अडवतात. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासले पाहिजे. ‘रोवणी उरकू दे’ म्हणून थांबणे महागात पडते. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर गरोदरपणात पूर्ण बंदच हवा, कारण तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

रक्तक्षयाचा प्रश्न त्याहून व्यापक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये तो आढळला. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा लोह-फॉलिक आम्लाच्या १८० गोळ्या शासनाकडून मोफत मिळतात. मळमळते किंवा शौचाला काळे होते म्हणून अनेक जणी त्या मध्येच सोडतात. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहासोबत मात्र ती घेऊ नये. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही बराच आढळतो. त्यातला रक्तक्षय केवळ लोहाने भरून निघत नाही, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच पती-पत्नी दोघांचीही सिकलसेल तपासणी व्हायला हवी.

आईच्या मनाची चौकशी सर्वांत कमी होते. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य दिसले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची घरातली नाराजी त्यामागे होती. अशा आयांच्या बाळांची वाढही मागे पडलेली आढळली. म्हणजे हा औषधाइतकाच घरच्यांच्या वागणुकीचा प्रश्न आहे.

मानसिक आजाराची औषधे आधीपासून चालू असलेल्या स्त्रीने दिवस गेल्यावर ती परस्पर बंद करू नयेत. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला घातक असतात, म्हणून मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. मनाच्या तक्रारीसाठी शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.