मूळ गाठ कोणाची?

आम्हां वऱ्हाडच्या लोकांस रुईची गाठ परिचयाची. प्रेसमध्यें आवळलेल्या गाठीच्या पोटांत काय आहे तें वरून दिसत नाहीं; ओली रुई आंत दडविणारे महाभाग पूर्वींपासून आहेत. म्हणून १९२५ च्या कायद्यानें प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें केलें. गाठ कोणाची तें खुणेवरून कळे. आंत काय आहे तें मात्र ती सोडल्यावरच!

संगणकाच्या व्यवहारांतहि अशा गाठी असतात. आज्ञावली रचणारा आपलें मूळ लिखाण एकत्र बांधून प्रसिद्ध करतो. त्या गाठीस 'टारबॉल' म्हणतात. डेबियन, फेडोरा इत्यादि लिनक्स-वितरणांचे कार्यकर्ते ती घेऊन, आपल्या रीतीनें सिद्ध करून घरोघरीं पोंचवितात.

उदाहरण आपल्या लिपीचेंच घेऊं. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं 'लोहित' नांवाचे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्यानें खुले केले. पुढें त्यांची निगा पुण्याच्या अभियंत्यांनीं राखिली. मराठी, कोंकणी, नेपाळी यांचे निरनिराळे टंक कालांतरानें 'लोहित देवनागरी' या एका नांवाखालीं आले. डेबियनच्या कोठारांत हेंच नांव 'फॉन्ट्स-लोहित-देव' असें होतें, आणि मूळ गाठीच्या नांवांत आंकड्यापुढें 'ओरिज', म्हणजे 'मूळ', हा शब्द येतो. नांव बदललें यांत लबाडी नाहीं. आंतला माल जसाचा तसा असावा, आणि परवान्यास्तव कांहीं वगळलें असल्यास आंकड्यास 'डीएफएसजी' अशी पुस्ती जोडावी, असा संकेत आहे. हा संकेत मला फार प्रामाणिक वाटतो. पण २०१७ सालीं लोहितचें जुनें ठिकाण, 'फेडोराहोस्टेड', बंद झालें. घरच मोडलें म्हणजे नांवावरून मूळ तें कसें ओळखावें?

त्यासाठीं दोन उपाय आहेत. एक, गाठीचा ठसा: 'शा-२५६' या गणितानें कोणत्याहि गाठीपासून चौसष्ट चिन्हांची एक ओळ निघते, आणि आंतील एक अक्षर बदललें तरी ती ओळ पार पालटते. दुसरा, कर्त्याची गुप्त किल्लीनें केलेली सही.

एवढ्यानें निश्चिंत व्हावें काय? २०२४ च्या मार्चांत 'एक्सझेड' नामक आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या गाठींत चोरवाट सांपडली. 'जिया टॅन' या नांवानें दोनएक वर्षें विश्वास संपादन करून कोणीतरी ती घातली होती. नांव बरोबर, ठसा बरोबर, सहीहि त्याच अधिकारी हाताची! परंतु सर्वांना दिसणाऱ्या उघड्या भांडारांत नसलेली एक कळ गाठींत होती. तिच्याविना चोरवाट उघडतीच ना. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून बिंग फुटलें. तोंवर ती डेबियन व फेडोरा यांच्या चांचणी-आवृत्त्यांत शिरलीहि होती. सहीचें स्तोम आपण फार माजवितों, असें माझें मत आहे. सही माणूस सांगते, मालाची ग्वाही देत नाहीं. त्या प्रसंगानंतर कित्येक कार्यकर्ते बांधलेली गाठ उघड्या भांडारांतील लिखाणाशीं ओळीनें ताडून पाहूं लागले, आणि कांहींनीं तर तयार गाठ घेण्याचें सोडून भांडारांतूनच थेट माल उचलण्यास आरंभ केला.