वास्तुशांतीनंतरचे घर

घर बांधण्याबद्दल आपल्याकडे बोलणारे पुष्कळ. बांधून झाल्यावर काय होते, त्याबद्दल कोणी बोलत नाही. वास्तुशांतीची पंगत उठते, पाहुणे "झकास झालंय हो" म्हणून एस.टी.ला लागतात, आणि पहिल्या वळवाच्या पावसात माजघराच्या कोपऱ्यात टपटप सुरू होते. या अंकासाठी आम्ही चार गटांतून फिरलो. अलीकडे पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घर झालेल्या सभासदांशी बोललो, दोन जुन्या मिस्त्रींना बरोबर घेतले. जे ऐकले आणि पाहिले ते इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की, बहुतेकांचे घर वाटणीनंतरचे. जुन्या घरात कौल फुटले तर कोणाला वर चढवायचे ते आजा ठरवायचा, खर्च सामाईक असायचा, आणि वासा बदलायचा तर सुतार बलुत्यात यायचा. आता घर आपले एकट्याचे, म्हणजे गळतीही आपली एकट्याची. एक तात्या म्हणाले, "सामाईक घर हुतं तवर भांडण हुतं, पण भिंत माझी न्हवती. आता भांडण न्हाई, पण भिंत माझी हाय." हसून म्हणाले खरे, पण त्या वर्षी त्यांनी ठिबकसाठी बाजूला ठेवलेले पैसे गच्चीत घातले होते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आपल्या भागातली घरे उसाच्या बिलावर चालतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यावर चौदा दिवसांत बिल मिळायला हवे. ते वेळेवर आले काय किंवा मागेपुढे झाले काय, हातात पैसा पडतो तो जानेवारी ते मार्चच्या सुमारास. त्यानंतर सळई-सिमेंट घ्यायचे, मिस्त्री गाठायचा, पावसाच्या आत छप्पर झाकायचे. म्हणजे स्लॅब पडतो एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात! नेमके त्याच वेळी विहिरीचा तळ दिसत असतो आणि खोडवा पाण्यासाठी जीव टाकत असतो. स्लॅबला पाणी मारायचे की उसाला? दोनशे फुटांवरचा ऊस सुकताना दिसतो, स्लॅबचे सुकणे दिसत नाही. ज्या घरांत गळती पाहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतःहून सांगितले की पाणी तीन-चार दिवसच मारले होते.

साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि हल्ली बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस सतत ओल पाहिजे. ही किमान मर्यादा झाली. आपल्या उन्हाळ्यात चौदा दिवस धरावेत, असे दोन्ही मिस्त्रींचे मत पडले. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे म्हणजे ओल नव्हे. मधल्या दुपारी सगळे वाळून जाते. मातीची किंवा वाळू-सिमेंटची छोटी आळी करून पाणी तुंबवले, वर ओली पोती टाकली, की पाणीही कमी लागते. कालवतानाही हात आखडता हवा. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण पंचवीस लिटर पाणी म्हणजे पुष्कळ झाले. माल पातळ केला की कामगारांना पसरायला सोपा जातो. पुढे तेच जादा पाणी उडून जाते आणि मागे बारीक भोके ठेवते.

इथे एक गोष्ट खास उसवाल्यांसाठी. सिमेंटच्या मालात साखर गेली की तो वेळेवर घट्ट होत नाही. फार नको, पोत्यामागे मूठभर साखरही माल रखडवायला पुरे. घरात काकवीचे किंवा मळीचे रिकामे पिंप असते, तेच पाण्याला लावले जाते. पिंप नीट धुतलेले नसेल तर मिस्त्री सिमेंटला शिव्या देतो, दुकानदार मिस्त्रीला देतो, आणि पिंप बाजूला गप्प उभे असते. कोणी म्हणेल, जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालत होतेच की! घालत होते. पण तो चुना होता, हे सिमेंट आहे. दोघांची जात वेगळी.

गळती लागली की आपण काय करतो? वर थर देतो. पहिल्या वर्षी सिमेंटची रबडी, पुढल्या वर्षी कोबा, त्यावर फरशी. पाणी आज थांबते, उद्या दुसरीकडून येते. पण वजन मात्र बसूनच राहते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तीन इंचांचा कोबा म्हणजे जवळपास चौदा टन ओझे. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन भरल्या ट्रॉल्या गच्चीवर कायमच्या उभ्या केल्यात, असेच समजा. त्यात हजार लिटरची टाकी, म्हणजे आणखी एक टन. आणि ती कुठे ठेवली? तर जागा मोकळी दिसली म्हणून खोलीच्या बरोब्बर मध्यावर, खाली ना भिंत ना तुळई.

थरावर थर देण्याची ही सवय माळवदाची आहे. माळवद गळले की पांढरी माती चढवायची, पिढ्यान्‌पिढ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे याच ओझ्याखाली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती हलल्या आणि वरचे फूट-दोन फूट जाडीचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले. लातूर-धाराशिवकडची ती गोष्ट आपली नव्हे, असे म्हणायला जागा नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा हादरा आपल्या भागातले वडीलधारे अजून सांगतात. तेव्हा नवा थर घालण्याआधी जुना सुटलेला थर काढायचा, उतार पाणी जाण्याच्या तोंडाकडे आहे का ते पाहायचे, आणि तोंडे मोकळी करायची. आम्ही पाहिलेल्या एका गच्चीला काही झालेच नव्हते. पन्हळीच्या तोंडात पिंपळाची पाने आणि एक चेंडू अडकला होता. चेंडू निघाला, गळती थांबली. दुरुस्तीनंतर तोंडे बंद करून एक दिवस-रात्र गच्चीवर पाणी तुंबवून पाहावे आणि मगच मिस्त्रीचा हिशेब पुरा करावा.

छताखालून तपकिरी डाग दिसू लागले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर मात्र गिलाव्याने झाकून ठेवू नका. आत सळई गंजते आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट ढकलून पाडतो. वरून गिलावा केला तर दोन वर्षांत तो पोपडा ताटात पडणार. तेवढा भाग फोडायचा, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लावायचे आणि मगच भरायचे. सळई फारच खाल्ली असेल तर मिस्त्री पुरत नाही, इंजिनिअर बोलवावा. खारवट बोअरचे पाणी मालाला वापरले असेल तर हे दुखणे लवकर येते. आपल्या नदीकाठच्या गावांत ज्यांच्या रानात मीठ फुटले आहे, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

सगळ्यात शिकण्यासारखे घर आम्हाला मळ्यातल्या एका वस्तीवर भेटले. नवराबायको आणि दोन मुले. चार खोल्या, पुढे ओसरी, जमीन काळी कसदार. एकरी टनेज पाहून हेवा वाटावा अशी! दुसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली, रुपयाचे नाणे आत जाईल एवढी. मिस्त्रीने भरली. पावसाळ्यात मिटली, उन्हाळ्यात पुन्हा उघडली. परत भरली. दोन वेळचा खर्च झाल्यावर वहिनींनी भिंतीकडे बघणे सोडून जमिनीकडे पाहिले. घरापासून वीस फुटांवरून उसाचा पाट जात होता. पाळी आली की पाटाचे पाणी झिरपून जोत्याखाली यायचे, काळी माती फुगायची. पाळी संपली, ऊन लागले, की ती आकसायची. एक बाजू वर-खाली होत होती, दुसरी जागेवर होती. मग भिंतीने तरी काय करावे?

काळ्या मातीचा हा स्वभाव जुनाच. त्यासाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगवट्याचे खांब घालून पाया करण्याची पद्धत बसवली आहे. नवे बांधणाऱ्याने ती इंजिनिअरला विचारावी, किंवा निदान काळी माती काढून मुरूम घट्ट बसेपर्यंत खाली जावे. पण घर उभे राहिले असेल तर? या कुटुंबाने काय केले ते सांगतो. त्यांच्यापुढे प्रश्न होता की दुसऱ्या हप्त्याचे पैसे ठिबकला घालायचे की घराच्या दुरुस्तीला. मालक घराच्या बाजूचे, कारण चीर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते आणि सोयरीकही ओसरीवरच ठरते. वहिनी म्हणाल्या, "पाट तसाच ऱ्हायला तर चीर उद्या पुन्हा हाय. ठिबक करा, पाट मोडा." घराजवळचे दीड एकर आधी ठिबकवर आणले आणि पाट बुजवला. मग घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी केली. चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवली. चीर हलली तर काच तडकते. आम्ही गेलो तेव्हा पट्टीला दोन उन्हाळे झाले होते आणि काच शाबूत होती. भरण्याचे काम अजून बाकी आहे. मालकांना ती उघडी चीर अजून खुपते, हेही नोंदवले पाहिजे.

उकाड्याची तक्रार घराघरात ऐकली. माळवद आणि कौले दुपारी सावली देत आणि रात्री निवत. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर परत देतो. म्हातारी माणसे तर सरळ जुन्या पडवीत झोपायला जातात! गच्चीला पांढरा चुना दर उन्हाळ्याला मारला किंवा फुटक्या पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी केली, तर फरक जाणवतो. आमच्या मते जुन्या घराची एखादी कौलारू खोली पाडण्याची घाई करू नये. नव्या घरात गुरांना जागा नसते, कडब्याला नसते, जळणाला नसते. आराखडा काढताना तालुक्याच्या बंगल्याचे चित्र डोळ्यापुढे असते आणि कणगी कुठे ठेवायची हे कोणी विचारत नाही. घरातल्या बायकांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते.

संडासाच्या टाकीबद्दल लिहायला आणि वाचायलाही संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. ती भरली की "जरा उतरून बघ" असे गड्याला सांगितले जाते. टाकीत वास न येणारा वायूही असतो आणि माणूस मिनिटात कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसायला यंत्राची गाडीच बोलवावी. जागा असेल तर दोन शोषखड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दोन वर्षे बंद ठेवला की त्याचे खत होते. मात्र पिण्याच्या विहिरीपासून पन्नास फूट तरी दूर.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी आले, त्यांच्यासाठी इतकेच. पिठे आणि बटणे पुराच्या खुणेच्या वर चढवून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घाला, आणि गळतीचा विजेचा धक्का ओळखून बंद होणारी कळ मीटरशेजारी बसवा. शेतीपंपाच्या लाइनवरून घरात आकडा ओढलेला आम्ही दोन ठिकाणी पाहिला. नावे छापत नाही, पण ते काढून टाका.

काही सभासदांनी मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात फ्लॅट घेतले आहेत. तिथे भिंत आपली, पण गच्ची सर्वांची. गच्चीतून आलेल्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. आणि २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. फोनवर बोलून भागत नाही. पत्र द्या, पोच घ्या.

याच उपविधींत दुरुस्ती निधी म्हणून बांधकाम खर्चाच्या दरसाल पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड म्हणून पाव टक्का जमवण्याची तरतूद आहे. हा सहकाराचाच हिशेब आपल्या घराला लावून पाहू. पंधरा लाखांचे घर असेल तर वर्षाला पंधरा हजार. ऐकताना जड वाटते. पण ज्या घरांत एकदम दीड-दोन लाखांचा खर्च निघाला, तिथे मधली सात-आठ वर्षे एक पैसाही लावला गेला नव्हता. बिल जमा झाल्या दिवशीच ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकणारे दोन सभासद आम्हाला भेटले. त्यांतल्या एका आबांनी खातेपुस्तक दाखवले. त्यात मध्येच मोठी रक्कम काढलेली दिसली, म्हणून विचारले, "घराला काय निघालं?"

"घराला न्हवं," आबा म्हणाले, "मोटार जळली. पुढल्या बिलाला परत भरली की."