रुग्णवाहिका येईपर्यंत

आमच्या बँकेच्या शाखेत भिंतीवर लाल रंगाचे अग्निशामक नळकांडे टांगलेले आहे. ते कसे वापरावे याचे प्रात्यक्षिक आम्ही दोनदा पाहिले. आग मात्र आमच्या नोकरीत एकदाही लागली नाही. उलट काही वर्षांपूर्वी पेन्शनच्या दिवशी रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काउंटरसमोर कोसळले. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा आणायला धावले. आम्ही पासबुकाने वारा घालत बसलो. ते अधूनमधून आचके देत होते, म्हणून श्वास चालू आहे असेच सर्वांना वाटले. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सर्व संपले होते. त्या वेळी आमचे दोन्ही हात रिकामे होते, ही गोष्ट पुढे कळली आणि ती अजून बोचते.

वाचकहो, हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस सहसा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते, घाम सुटतो. त्याला ताबडतोब इस्पितळ हवे. हृदय बंद पडले की माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला फोन करायचाच. पण नवी पेठेतली संध्याकाळ किंवा १४ एप्रिलची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा! गाडी पोचेपर्यंत मेंदूला रक्त कोण पुरवणार?

ते काम छातीवर दाब देऊन होते. यालाच सीपीआर म्हणतात. आम्ही कला शाखेचे, पण याचा इतिहास आम्हांला फार आवडला. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का लागून मरत. त्यावर उपाय शोधणारे विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विद्युत अभियंते होते. प्रयोगात कुत्र्याच्या छातीवर विजेच्या जड पट्ट्या दाबल्या, की नुसत्या दाबानेच रक्तदाब वाढतो, असे त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले. १९६० साली ही पद्धत जगापुढे आली. यंत्रमागांच्या आपल्या शहराला विजेचा धक्का नवा नाही. तेथे आधी प्रवाह बंद करावा, मगच माणसाला हात लावावा.

कृती अशी. खांदे थोपटून हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही (आचके म्हणजे श्वास नव्हे!) तर १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवा. माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावी, दर वेळी पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटाला १०० ते १२० दाब. दोन मिनिटांत दम लागतो, तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यावी. तोंडाने श्वास देणे शिकलेले नसेल तरी नुसते दाब चालू ठेवा. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, पण मोडलेली बरगडी सांधते.

परक्या स्त्रीच्या छातीवर हात ठेवायला पुरुष कचरतात, आणि त्या संकोचात मिनिटे जातात. तो संकोच सोडावा हे खरे. पण आमच्या मते हे शिकण्यात विद्यार्थिनींनी आणि महिला मंडळाने पुढे असावे.

दाबाने रक्त फिरते, पण नुसतेच थरथरणारे हृदय पुन्हा तालावर यायला बहुधा विजेचा झटका लागतो. त्यासाठी एईडी हे छोटे यंत्र असते. मोठ्या विमानतळांवर ते भिंतीवर दिसते. दोन पट्ट्या उघड्या छातीवर चिकटवल्या की यंत्र स्वतः हृदयाचा ठोका तपासते, बोलून सूचना देते आणि गरज असेल तरच झटका देते. शिकलेल्यालाच ते वापरता येते असे नाही. ते स्वस्त मात्र नाही, त्याची बॅटरी व पट्ट्या मुदतीनंतर बदलाव्या लागतात, म्हणजे दरमहा पाहणारा माणूस हवा.

आधी प्रशिक्षण. उशीवर सराव करून दाबाचा अंदाज येत नाही, त्यासाठी पुतळा लागतो. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, तेथे विनंतीपत्र देता येईल. पुढे यंत्र घेतलेच, तर ते सभागृहाच्या दारापाशी उघड्यावर टांगावे. सतरंज्या आणि ध्वनिक्षेपकाच्या कपाटात नको. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच दर कार्यक्रमाला पंधरा मिनिटे जातात.